विंगसूटसाठी एएडी कोणतं घ्यावं? आधी ते काय बघतं ते समजून घे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोरगा सोलापूरच्या होटगी रोडचा, स्कायडायव्हिंग करतो, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या, १८५ जंप झालेत, २०० झाले की विंगसूटचा, म्हणजे हातापायांत कापडाचे पंख असलेल्या सूटचा, पहिला कोर्स करायचाय. एएडी म्हणजे वेळ आली तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र, त्यातलं एक सेकंडहँड सायप्रेस एक्स्पर्ट मिळतंय, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं नवीन व्हिजिल घ्यायचं मनात आहे. त्यात एका कोचने डोक्यात भुंगा सोडलाय की "विंगसूटमधे एएडी फायरच होत नाही, कशाला पैसे घालवतोस". आणि वर शेवटी, दादा आरएसएल (मुख्य पॅराशूट सोडलं की राखीव उघडणारी पट्टी, पुढं सांगतो) ठेवू का काढू.

मी रिगर आहे, म्हणजे पॅराशूट तपासणारा, दुरुस्त करणारा, जंप १४०० च्या वर झालेत, त्यातले साधारण ६०० विंगसूटचे, सीझनला बाहेर असतो आणि उन्हाळ्यात नेमकं सोलापुरात येऊन भाजून घेतो. तर माझं मत सविस्तर सांगतो, चहा घेऊन बस.

पहिलं त्या कोचचं. अर्धं बरोबर बोललाय तो. राहिलेलं अर्धं न सांगता गेला ते वाईट केलं.

आमच्या घरी पूर्व भागात माग होते, साधे यंत्रमाग, टॉवेलचे. लहानपणी मला वाटायचं मागाला सगळं कळतं, कारण आडवा धागा तुटला की खट्ट करून माग आपोआप बंद पडायचा. तिथं एक छोटा काटा असतो, धागा आहे का नाही एवढंच तो चाचपतो. पण उभी तार तुटली तर? काही नाही, माग आपला धडधडत चालू, कापडात रेघ पडत जाते आणि वडील येऊन बघेपर्यंत हातभर माल खराब झालेला असतो. काटा बिघडलेला नसतो बरं का. त्याला उभ्या धाग्याचं कामच दिलेलं नसतं.

एएडी म्हणजे ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस, ते तसंच आहे. त्याला तू बेशुद्ध आहेस का, पॅराशूट ओढलं का, सूट घातलाय का, काही म्हणजे काही माहीत नसतं. ते हवेचा दाब मोजतं, दाबावरून उंची काढतं, आणि उंची किती झपाट्याने कमी होतीये त्यावरून उभा वेग काढतं. ठरलेल्या उंचीखाली ठरलेल्या वेगाच्या वर असलास तर आतला छोटा कटर रिझर्व्हचा, म्हणजे राखीव पॅराशूटचा, डबा बंद ठेवणारा दोरा, क्लोजिंग लूप, कापतो. पिन ओढत नाही, लूपच कापतो. पुढचं काम स्प्रिंगवाल्या रिझर्व्ह पायलट शूटचं, म्हणजे आधी बाहेर उडून मोठ्या पॅराशूटला ओढून काढणाऱ्या छोट्या छत्रीचं. आणि मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट, काही ते कापत नाही, हे पण लक्षात ठेव, पुढं लागेल.

आता आकडे बघ. सायप्रेस एक्स्पर्टचं लिमिट सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किमी, आणि उंची साधारण २२५ मीटर, आपल्या भाषेत ७५० फूट. व्हिजिलच्या प्रो मोडला पण वेग तोच ३५, उंची थोडी वर, ८४० फूट. साधा बेली फ्लायर, म्हणजे पोटावर सपाट पडणारा, ताशी १९० किमीच्या आसपास पडतो म्हणजे सेकंदाला ५३-५४ मीटर, तो हे लिमिट आरामात ओलांडतो, म्हणून १९९१ मधे जर्मनीच्या एअरटेकने सायप्रेस आणलं तेव्हापासून कित्येक जण जिवंत घरी गेलेत.

आणि विंगसूट? चांगला उडत असशील तर उभा वेग सेकंदाला १८ ते २७ मीटर. मोठा सूट आणि सरावलेला माणूस असेल तर त्याच्या पण खाली. बाकी सगळा वेग आडवा, ताशी दीडशे-दोनशे किमी पुढं चाललायस, पण आडव्या वेगाचं एएडीला काय घेणंदेणं, ती त्याच्यासाठी उभी तारच. म्हणजे तू मस्त उडत उडत ७५० फुटाच्या खाली आलास तर ते शांत बसणार. बिघाड नाही हा, मॅन्युअलप्रमाणेच वागतंय ते.

हे मला वाचून माहीत होतं आणि तरी एकदा स्वतः जाऊन बघून आलो, लाजिरवाणी गोष्ट आहे पण सांगतो. विंगसूटचे दीडेकशे झाले असतील तेव्हा, म्हणजे स्वतःला शहाणा समजायचं वय. सहा जणांचा फ्लॉक, म्हणजे एकत्र उडणारा थवा, मी मागे राहिलो होतो आणि पुढच्याला गाठायच्या नादात होतो. ऑडिबलची, म्हणजे ठरलेल्या उंचीवर कानात बीप देणाऱ्या यंत्राची, बॅटरी मेलेली, सकाळी चेक केली नव्हती. मनगटावरचं अल्टिमीटर बघायला हात वळवावा लागतो, हात वळवला की पंख बिघडतो, पंख बिघडला की अजून मागे पडतो, म्हणून बघतच नव्हतो. जमीन काहीतरी वेगळी दिसायला लागली, झाडं झाडांसारखी दिसायला लागली म्हण, तेव्हा ओढलं. कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटची छत्री, पूर्ण उघडली तेव्हा १९०० फूट. संध्याकाळी फ्लायसाइटचा डेटा काढला, ते जीपीएसचं छोटं यंत्र असतं बघ हेल्मेटला लावायचं, त्यात शेवटच्या मिनिटाचा उभा वेग सेकंदाला १९-२० मीटर. मी ढिम्म बघत बसलो स्क्रीनकडं. पाठीवर लाखाच्या पुढचं यंत्र होतं, चालू होतं, तारीख बरोबर होती, आणि त्या उड्डाणात त्याने मला हात लावला नसता.

हिशोब करून बघ तूच. ४००० फुटावरून ७५० पर्यंत बेलीवर १८ सेकंद लागतात, सेकंदाला २० मीटरने उडताना जवळपास ५० सेकंद. एवढा निवांत वेळ मिळतो म्हणूनच माणूस गाफील होतो, साध्या जंपमधे मिनिटभराचं फ्रीफॉल असतं आणि इथं दोन-अडीच मिनिटं, डोकं म्हणतं अजून आहे की वेळ. आणि ७५० फुटापासून त्याच वेगाने जमीन ११ सेकंदांवर.

मग फायदा कधी? सूट उडायचा बंद झाला की. फ्लॉकमधे धडक झाली आणि माणूस बेशुद्ध होऊन गोळा होऊन पडतोय, उडी मारताना विमानाच्या शेपटीवर आदळला, गटांगळ्या खातोय आणि हात हँडलपर्यंत जात नाहीयेत, सूटचं कापड पायलट शूटवर आलंय आणि माणूस ते शोधत शोधत खाली चाललाय. अशा वेळी उभा वेग ३५ च्या वर जातो, बहुतेक वेळा जातोच, आणि तेव्हा एएडी आपलं काम करतं. हमी नाही देत मी, फुगलेला सूट घेऊन कोणी पाठीवर सपाट पडला तर वेग कमीच राहू शकतो. पण धडक आणि गटांगळी या विंगसूटमधल्या अगदी खऱ्या गोष्टी आहेत, दहा जणांच्या फ्लॉकमधे माणसं एकमेकांच्या दोन-तीन मीटरवर उडतात. तर उत्तर: एएडी घे. मी एएडी नसलेल्या रिगवर, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पूर्ण बॅगवर, विंगसूट घालून विमानात चढत नाही, आणि माझ्या फ्लॉकमधे घेत पण नाही कोणाला, मग तो कितीही भारी असो.

आता तुझ्या डोक्यात पुढचा प्रश्न आला असेल, सगळ्यांच्या येतो. लिमिट कमी असलेलं घेतलं तर? स्टुडंट मोड लावला तर? स्टुडंट सायप्रेसचं लिमिट सेकंदाला १३ मीटर आहे, म्हणजे उडता विंगसूट पण पकडेल की. थांब. पहिलं, १३ मीटर वेग कॅनॉपीखाली पण होतो. कॅनॉपी उघडली, वर जागा आहे म्हणून एक दोन जोरदार स्पायरल, म्हणजे गोल गिरक्या, मारल्या, तशाच खाली आणल्या, आणि रिझर्व्ह बाहेर. मेन आधीच डोक्यावर, आता दोन छत्र्या. दुसरं, विमान. सेकंदाला १३ मीटर म्हणजे मिनिटाला साधारण २५६० फूट, ढग आले म्हणून लोड परत खाली आणताना पायलटने नाक खाली घातलं तर जंपचं विमान एवढ्याने उतरू शकतं, आणि विमानात, दार उघडं असताना, तुझ्या पाठीवरून रिझर्व्ह सुटलं तर फक्त तू नाही मरत, शेपटीत अडकलं तर सगळे जातात. स्टुडंटला स्टुडंट मोड असतो कारण त्याला स्पायरल मारू देत नाहीत आणि विमान उतरताना इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतो. तुझ्या शेजारी कोण बसणार बे.

उलट्या टोकाला स्पीड किंवा एक्स्ट्रीम असली मॉडेलं आणि मोड असतात, ते कॅनॉपीवर तुफान वेगाने लँडिंग करणाऱ्या स्वूपरसाठी, लिमिट ३५ च्या अजून वर. ते तर विंगसूटला सगळ्यात निरुपयोगी. सेकंडहँड घेताना हे नीट बघ, कारण स्वूपर लोक सेट बदलला की तेच युनिट विकायला काढतात आणि बाहेरून डबा सारखाच दिसतो. काही युनिटमधे मोड बदलता येतो, चालू करताना कोणता दिसतोय ते रोज वाचायचं, वाचायचं म्हणजे वाचायचं, लाईट लागला बघून बॅग उचलायची नाही.

खास विंगसूटसाठी म्हणून सायप्रेसचं वेगळं मॉडेल पण निघालंय, कमी उभ्या वेगावर पण चालावं अशा विचाराने बनवलेलं. तुझं पुढची चार-पाच वर्षं मुख्य काम विंगसूटच असणार असेल तर नवीन घेताना तेच आधी बघ, माझं तरी हेच मत. पण एक अट, त्याचं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि मित्राला "घे रे आज माझी रिग" म्हणून द्यायची नाही. आणि अजून एक, हे घेतलं म्हणून ओढायची उंची १०० फुटाने पण खाली आणायची नाही. मी पाहिलंय, यंत्र चांगलं आलं की माणूस तेवढाच सैल होतो.

सायप्रेस का व्हिजिल का चेक कंपनीचं एम-टू, हा वाद चहाच्या टपरीवर घालायला बरा आहे. तिन्ही चालतात. फरक देखभालीत आहे, कोणाला ठराविक वर्षांनी कारखान्यात पाठवून तपासून घ्यावं लागतं, कोणाला नाही, कोणाचं आयुष्य किती वर्षं, बॅटरी कधी. सोलापुरातून युनिट जर्मनीला पाठवायचं आणि परत आणायचं हा कुरिअर आणि कस्टमचा वेगळाच अध्याय आहे, म्हणून इथं राहणाऱ्या माणसाने हा खर्च आणि दोन-तीन महिने आधीच धरून चालावं. सेकंडहँड असेल तर उत्पादनाची तारीख, शेवटची तपासणी, कटरची तारीख, आणि रिगर बघेल प्रत्यक्ष, एवढं झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मला एकदा एकाने "फक्त सहा वर्षं वापरलंय" म्हणून विकायला आणलेलं. खरंच सहाच वर्षं वापरलं होतं त्याने, त्याच्या आधी दुसऱ्याने आठ वर्षं.

बरं, आता ज्यावर लोक कमी बोलतात ते. समजा लूप कापला गेला. पुढं काय?

विंगसूटच्या पाठीमागे हवेचा मोठा खड्डा तयार होतो, बर्बल म्हणतात त्याला, अंगावरून जाणारी हवा फाटते आणि मागे घोटाळा होतो. बेलीवर पण असतो पण सूटमधे तुझी रुंदी दुप्पट, म्हणून खड्डा पण मोठा. मेनसाठी आपण यावर उपाय करतो, पायलट शूट मोठं घेतो, ब्रायडल, म्हणजे त्याला जोडलेली पट्टी, लांब घेतो, अडीच मीटरच्या आसपास किंवा अजून जास्त, म्हणजे पायलट शूट त्या खड्ड्याच्या पलीकडे स्वच्छ हवेत जातं. रिझर्व्हचं ब्रायडल आणि पायलट शूट मात्र कंपनीने दिलं तेच, त्यात आपण हात घालत नाही. म्हणून रिझर्व्ह ओढायची वेळ आली तर उडायचं थांबवायचं. हात-पाय गोळा, पंख बंद, दोन्ही बाजू सारख्या, खड्डा छोटा होतो आणि स्प्रिंगला हवा सापडते. पंख पसरून, आपण अजून चांगले उडतोय अशा थाटात रिझर्व्ह ओढणारा माणूस स्वतःच त्याच्या वाटेत उभा राहतो. एएडीने फायर केलं तर हे सगळं तुझ्या हातात नसतं, म्हणून ती शेवटची शक्यता, पहिली नाही.

यात हात घालू नको हे इतकं का सांगतो? पॅट्रिक द गेयारदों, फ्रान्सचा, आधुनिक विंगसूट ज्याने उभा केला, १९९८ मधे हवाईत गेला, आणि गेला तो रिगमधे स्वतः केलेल्या बदलामुळे. जगातला त्या वेळचा सगळ्यात हुशार माणूस होता या कामातला. पुढच्याच वर्षी फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेच्निक यांनी बर्डमॅन काढून सूट सगळ्यांना विकायला सुरुवात केली. आज तू हजार-दोन हजार डॉलर टाकून सूट मागवतोस तो त्या वाटेवरून आलाय. तर आपल्या नवी पेठेतल्या टेलरकडून, कितीही चांगला असला तरी, रिगवर एक टाका घालून घ्यायचा नाही. हसू नको, एकाने घातला होता.

रिझर्व्हचा साईज. हा एएडी निवडण्याइतकाच मोठा निर्णय आहे आणि लोक तो पाठीवरचा डबा बारीक दिसावा म्हणून घेतात. विचार कर, एएडी फायर झालंय म्हणजे बहुतेक तू शुद्धीवर नाहीस, म्हणजे ब्रेक कोणी सोडणार नाही, फ्लेअर, म्हणजे उतरताना वेग मारणं, नाही, जिथं जाईल तिथं जशी जाईल तशी उतरेल. तू म्हणतोस वजन ७२ किलो. रिग १० किलो, सूट तीन, हेल्मेट कपडे बूट धरून ८८ म्हण. ते झाले १९४ पौंड. १६० स्क्वेअर फुटाच्या रिझर्व्हवर लोडिंग, म्हणजे दर स्क्वेअर फुटावरचे पौंड, १.२१, १४३ वर १.३६. कागदावर फरक छोटा दिसतो, बेशुद्ध पडून कोरड्या ज्वारीच्या रानात उतरताना लई मोठा असतो. १६० घे, मोठी बसत असेल तर मोठी घे. डबा थोडा जाड दिसेल, दिसू दे.

मेन पण शांत स्वभावाची सात सेलची, म्हणजे सात कप्प्यांची, लोडिंग १.३ च्या आत. कारण विंगसूटची ओपनिंग म्हणजे लाइन ट्विस्टला आमंत्रण. तू पुढं चाललेला असतोस, बॅग मागे तिरकी निघते, एक खांदा जरा खाली असला की दोऱ्यांना पीळ बसतो. शांत कॅनॉपी पीळ घेऊन पण सरळ चालते आणि तू वर बघत पाय मारत सोडवतोस. चपळ छोटी कॅनॉपी पीळ बसला की गोल फिरायला लागते, आणि तुझे पाय सूटच्या पिशवीत बांधलेले, हात अर्धे अडकलेले.

आणि इथंच आरएसएल येतं.

आरएसएल म्हणजे रायझरपासून, म्हणजे मेन ज्याला लटकते त्या खांद्यावरच्या पट्ट्यापासून, रिझर्व्हच्या पिनपर्यंत गेलेली एक पट्टी, मेन कटअवे केलं, म्हणजे सोडून दिलं, की जाता जाता मेनच रिझर्व्हची पिन ओढून जातं. एएडी आणि आरएसएल हे एकाच कामाचे दोन पर्याय आहेत असं जे काही लोक समजतात ना, ते चूक आहे. एएडी मेन कापत नाही हे वर सांगितलंय. पीळ बसून फिरणारी कॅनॉपी अनेकदा ३५ मीटरच्या आतच खाली येत असते, म्हणजे एएडी गप्प. तिथं कटअवे तूच करणार, आणि केल्यावर रिझर्व्ह किती लवकर येतं हा प्रश्न आरएसएलचा.

जुने विंगसूटवाले म्हणायचे काढून टाका. त्यांचं म्हणणं असं की फिरत्या कॅनॉपीतून सुटलास की तू पण फिरत सुटतोस, त्याच क्षणी रिझर्व्ह उघडलं तर त्यालाही पीळ, त्यापेक्षा दोन सेकंद स्थिर हो मग ओढ. म्हणणं चुकीचं नव्हतं, त्या वेळच्या साध्या आरएसएलसाठी. पण स्थिर व्हायला पंख बांधलेल्या माणसाला दोन सेकंद पुरतात का हे कोणी विचारत नव्हतं, आणि दोनाचे पाच कसे होतात ते आपल्याला कळत नाही.

आता मार्ड आहे, मेनच्या मदतीने रिझर्व्ह उघडणारी रचना. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं स्कायहूक, बिल बूथच्या कंपनीचं, तोच बूथ ज्याने थ्री-रिंग रिलीज, म्हणजे मेन झटकन सोडायची तीन कड्यांची रचना, काढलं, जे आज जवळजवळ प्रत्येक रिगच्या खांद्यावर आहे. यात निघून जाणारी मेनच रिझर्व्हची बॅग ओढून बाहेर काढते, म्हणजे मेन झाली एक अवाढव्य पायलट शूट. तू गटांगळी खायच्या आतच दोऱ्या ताणल्या जातात, आणि पाठीमागच्या त्या बर्बलचा प्रश्नच येत नाही. विंगसूटवाल्यासाठी याच्यापेक्षा भारी काय पाहिजे. दुसऱ्या कंपन्यांच्या पण आपापल्या रचना आहेत. मार्डवाली रिग मिळत असेल तर आरएसएल जोडलेलंच ठेव, डोळे झाकून. साधं आरएसएल असेल तरी शांत मोठी मेन आणि २०० जंपच्या माणसाला मी ठेव असंच सांगतो. चपळ कॅनॉपी घेणार असशील तर आरएसएल काढायच्या गप्पा मारण्याआधी ती कॅनॉपी बदल.

मर्यादा पण ऐक. मार्ड कटअवेलाच उपयोगी. मेन बाहेरच आली नाही, पायलट शूट सापडलं नाही, अशा वेळी ओढायला मेनच नाही, तेव्हा परत तीच स्प्रिंग आणि तोच खड्डा.

बरं, उंची. ७५० फुटावर एएडी फायर झालं म्हणजे ७५० वर रिझर्व्ह उघडलं असं नाही. युनिटवर फायरची उंची वाढवता येते, लोक वाढवतात पण, पण ती वाढवलीस तर मेन ओढायची उंची पण तेवढीच वर नेली पाहिजे, नाहीतर हळू उघडणारी मेन आणि फायर झालेलं रिझर्व्ह एकाच वेळी बाहेर. अमेरिकेच्या यूएसपीएने, तिथल्या स्कायडायव्हिंग संघटनेने, २०१३ मधे अनुभवी, सगळ्यात वरच्या डी लायसन्सवाल्यांची पण किमान ओढायची उंची २००० वरून २५०० फूट केली ती उगाच नाही. विंगसूटला तर ते पण कमी. सुरुवातीचे पन्नास जंप ५५०० ला खुणेचा हात, ५००० ला ओढायचं. नंतर ४५००. ऑडिबल दोन, दोन्ही कानाला, दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या, आणि सकाळी चेक. दुसरं ऑडिबल एएडीच्या किमतीच्या मानाने स्वस्त पडतं, आणि मघाच्या माझ्या १९०० फुटाच्या जंपमधे कामाला आलं असतं तर तेच आलं असतं.

चालू करायची जागा. याच्यावर लोक फार निष्काळजी. एएडी चालू करतोस तेव्हा ते तिथली जमीन शून्य धरतं. म्हणून ड्रॉपझोनवर, म्हणजे जंपच्या मैदानावर, जमिनीवर उभं राहून चालू करायचं, घरी नाही, हॉटेलात नाही. उदाहरण आपल्या घरचं घे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५८ मीटर, तुळजापूर घाट चढून वर ६५० च्या आसपास. समज तू घरी चालू केलं, युनिट सोलापूरचंच शून्य धरून बसलं, आणि जंप तुळजापूरच्या पठारावर. फायर व्हायची उंची सोलापूरपासून २२५ मीटर, म्हणजे तुळजापूरच्या जमिनीपासून साधारण ३३ मीटर. आईच्या देवळाच्या शिखराला हात लावून येशील. उलट वरून चालू करून खाली आलास तर भलतीकडं उंचावर फायर, मेन उघडत असतानाच. सायप्रेस १४ तासांनी आपोआप बंद होतं, म्हणजे काल सकाळी चालू केलंय म्हणून आज चालू असेल हे पण धरायचं नाही. गाडीने कुठं जाऊन आलास तर बंद करून परत चालू कर, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि बाबा, रिग मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. आपल्याकडं बाहेर ४३-४४ असतं, बंद डिकीत किती होतं ते हात लावून बघ, चटका बसतो. यंत्राची काम करायची मर्यादा साठ-बासष्टच्या आसपास असते, शिवाय बॅटरी, रबर, कापड, कशालाच ते मानवत नाही. माझी रिग घरात सगळ्यात थंड खोलीत असते, आई म्हणते देवघरापेक्षा जास्त मान आहे त्याला.

एक गैरसमज जाता जाता. मोबाईलवर डोंगराच्या कड्यावरून उड्या मारणारे बघून तू म्हणालास की ते लोक एएडीशिवायच उडतात की. ते बेस आहे. त्यांच्याकडं रिझर्व्हच नसतं, एकच कॅनॉपी, एएडी लावणार कशाला. तो वेगळा खेळ, त्याच्याशी तुलना करून इथले पैसे वाचवायचे नाहीत.

तर खरेदी अशी कर. तो सेकंडहँड एक्स्पर्ट आठ-नऊ वर्षांच्या आतला असेल आणि कागद बरोबर असतील तर घे, काही वाईट नाही, पण मग विंगसूट चांगला उडत असताना ते तुझ्यासाठी नाहीये हे मान्य करून घे. बजेट ताणता येत असेल तर विंगसूटवालं नवीन. व्हिजिलचं पण मान्य आहे, प्रो मोडवर, बाकी मोडला हात लावायचा नाही. पण दोन्हीच्या आधी मार्डवाला कंटेनर, म्हणजे पाठीवरचा डबा, आणि १६० चं रिझर्व्ह. पैसे एकाच ठिकाणी पुरणार असतील तर एएडी सेकंडहँड घे आणि कंटेनर चांगला घे, उलटं नको.

आणि रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर ये, सूट आणि रिग दोन्ही घेऊन. सगळ्या चेन लावून, पंख ताणून, पोटावर झोपून कटअवेचं आणि रिझर्व्हचं हँडल शोधून दाखव मला, डोळे बंद. मागच्या वेळी एकाचं रिझर्व्हचं हँडल सूटच्या कापडाखाली दुमडून गेलं होतं, त्याला सापडायला नऊ सेकंद लागले, गच्चीवर, वारा नसताना. त्या युनिटच्या मागच्या स्टिकरचा फोटो पण पाठव, तारीख दिसेल असा. पैसे तोपर्यंत देऊ नको.